शोधनिबंध छापायचाय? पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना गाठा

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यावर संशोधन कमी होत नाही. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हापासून तिथं अभ्यासकांची रीघ आहे. चातगावजवळच्या शोधग्राममधलं नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं काम 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज मात्र इथल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला आपला निबंध कुणालाही फुकट वाचता येईल असा, म्हणजे ओपन ॲक्सेस, छापायचा म्हटलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो.

नावाजलेली आंतरराष्ट्रीय नियतकालिकं यासाठी दोन हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त मागतात. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी 1 लाख 70 हजार झाले. कर आणि बँकेचा आकार वेगळा. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना 37 हजार. म्हणजे साडेचार महिन्यांची शिष्यवृत्ती एका निबंधात गेली. ‘नेचर’नं तर 2021 मध्ये 9,500 युरो दर लावला.

पण हा भुर्दंड अनेकदा टाळता येतो. पुष्कळ नियतकालिकं वर्गणीवर चालतात आणि ओपन ॲक्सेसची सोयही देतात. निबंध स्वीकारला की प्रकाशक दोन पर्याय पुढे ठेवतो. घाईत शुल्काच्या पर्यायावर टिचकी मारू नका. वर्गणीचा पर्याय घेतला तर लेखकाला सहसा काही द्यावं लागत नाही, आणि स्वीकृत हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठाच्या संग्रहात सर्वांसाठी खुलं ठेवता येतं. लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणारी नियतकालिकंही आहेत. ‘डीओएजे’ या ओपन ॲक्सेस नियतकालिकांच्या ऑनलाइन यादीत बिनशुल्क एवढंच निवडलं की ती सापडतात.

शुल्क भरणं भागच असेल तर ग्रंथालयात जा. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी रुपये आहेत. त्यातून 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिकं वाचायला मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. निवडक ओपन ॲक्सेस नियतकालिकांच्या शुल्कासाठी वर्षाला 150 कोटींपर्यंत मदतीची तरतूद त्यातच आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. खासगी संस्थेच्या महाविद्यालयात असाल तर काही गृहीत धरू नका. आपली संस्था यादीत आहे का, नियतकालिक बसतं का, अर्ज कधी करायचा, हे ग्रंथपालांकडून निबंध पाठवण्याआधीच समजून घ्या.

शुल्कमाफीही आधीच मागायची असते. भारत बहुतेक प्रकाशकांच्या आपोआप माफीच्या यादीत बसत नाही, आणि निबंध स्वीकारल्यानंतर केलेली विनंती अनेक ठिकाणी बघतही नाहीत. अनुदानित प्रकल्प असेल तर अंदाजपत्रकातच प्रकाशनखर्च धरा.

‘आठवड्यात छापून देतो, तीन हजार पाठवा’ असे निरोप येतात, ते पैसे पाण्यात जातात. अशी घाई करायचं कारणही नाही; प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं 2022 च्या नियमांत काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा पाहून घ्या.

मेंढा-लेखात गावकऱ्यांच्या अभ्यासगटांची परंपरा आहे. त्यांच्या जंगलावरचा निबंध त्यांनाच पैसे मोजून वाचावा लागणं हा उघड अन्याय आहे. 2011 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठानं ग्रंथालयात ओपन ॲक्सेसच्या शुल्कासाठी छोटा का होईना, स्वतंत्र निधी ठेवावा आणि इथल्या गावांवरच्या निबंधांना त्यात पहिला मान द्यावा. संशोधकांनो, ही मागणी तुमच्या ग्रंथालय समितीकडे लेखी द्या.