नेटवर्क मास्क आणि उपसर्ग-लेखन

प्रस्तावना

शब्दाच्या आरंभी जोडल्या जाणाऱ्या घटकाला व्याकरणात 'उपसर्ग' म्हणतात, हे आपण जाणता. संगणकाच्या आयपी पत्त्यालाही असाच आरंभीचा भाग असतो. तो कोठे संपतो, हे या घटकात पाहू.

१. पिन कोडचा दाखला

संस्कृत कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्यातील पहिले तीन अंक टपालाचा वर्गीकरण-विभाग आणि शेवटचे तीन डाकघर दर्शवितात. सातारा ४१५००१, विटा ४१५३११ व सांगली ४१६४१६ हे क्रमांक पाहा. पहिले दोनच अंक वाचले तर तिन्ही गावे ४१ या एकाच गटात येतात. तिसरा अंक वाचताच सांगली वेगळी होते. विटा मात्र सांगली जिल्ह्यात असूनही साताऱ्याच्या गटात राहते. तात्पर्य, किती अंक वाचायचे यावर गट ठरतो.

२. मास्कचे कार्य

पिन कोडमधील ही सीमारेषा स्थिर आहे. आयपी पत्त्यात ती सरकते. म्हणून ती वेगळी सांगावी लागते. प्रचलित आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे आठ-आठ बिटांच्या चार भागांचा असतो. १९२.१६८.१०.७०/२४ याचा अर्थ, पहिले २४ बिट जाळ्याचे व उरलेले ८ उपकरणाचे. हीच गोष्ट २५५.२५५.२५५.० हा मास्क सांगतो. त्यात २५६ पत्ते येतात; पहिला जाळ्याचा व शेवटचा सर्वांना उद्देशून राखीव असल्याने उपकरणांसाठी २५४ उरतात. /२५ केल्यास मास्क २५५.२५५.२५५.१२८ होतो आणि ० ते १२७ व १२८ ते २५५ असे दोन गट पडतात.

३. मास्क चुकल्यास

एका कार्यालयात संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७० आणि प्रिंटरचा १९२.१६८.१०.१३० आहे. दोहोंचा मास्क /२४ हवा. पण संगणकावर /२५ नोंदला गेला. आता शेजारचाच प्रिंटर संगणकाला परक्या जाळ्यातील वाटतो आणि तो मजकूर राउटरकडे पाठवू पाहतो. राउटर नसेल तर छपाई होत नाही. तार शाबूत, पत्ते अचूक. चुकली ती केवळ सीमारेषा. अशा वेळी नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी मास्क तपासावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

/२६ या उपसर्गाने १९२.१६८.१०.२० व १९२.१६८.१०.७० हे पत्ते एकाच गटात येतील का?

उत्तर : नाही. प्रत्येक गट ६४ पत्त्यांचा होतो. २० हा ० ते ६३ मध्ये, तर ७० हा ६४ ते १२७ मध्ये येतो.