नदीवर रंग सांडू नये : संगणकावर पेडण्याचा नकाशा

पेडणे तालुक्याचा नकाशा काढावयास सांगितले, तर बहुतेक विद्यार्थी एकच बंदिस्त आकृती काढतील. वास्तविक या तालुक्याचे दोन तुकडे आहेत. तेरेखोल नदीच्या दक्षिणेस मुख्य भूभाग आहे. उत्तर तीरावर, महाराष्ट्राला लागून, किल्ल्यासह तेरेखोल गाव आहे. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडून तेथे जाता येते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला तो किल्ला हाच. असे हे गाव नकाशात यथार्थ कसे दाखवावे, ते पाहू या.

पायथॉन या संगणकभाषेबरोबर टीकिंटर नावाचा साधनसंच मिळतो. त्यातील 'कॅनव्हास' म्हणजे चित्रफलक. त्यावर 'क्रिएट पॉलिगॉन' ही आज्ञा शिरोबिंदूंची यादी घेऊन बहुभुज काढते, शेवटचा बिंदू आपण होऊन पहिल्यास जोडते आणि आतील भाग रंगविते. रंग न सांगितल्यास तो काळा होतो. येथे आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि दुसरा अंक खालच्या दिशेने वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

सरावासाठी ढोबळ बिंदू घेऊ. मुख्य भूभाग : (५०, ९०), (२३०, ८०), (२४०, १९०), (८०, २००). तेरेखोल : (४०, ३०), (८०, २५), (७०, ५५). हे सातही बिंदू एकाच यादीत घातले, तर काय होईल? संगणक (८०, २००) पासून थेट (४०, ३०) पर्यंत रेघ ओढील आणि (७०, ५५) वरून (५०, ९०) कडे परतेल. या दोन रेघांमध्ये नदीवर रंगाचा चिंचोळा पट्टा उमटेल. जेथे पाणी आहे तेथे जमीन दिसेल! यात संगणकाचा दोष नाही. एक यादी म्हणजे एक आकृती, एवढेच तो जाणतो.

म्हणून आज्ञा दोन वेळा द्यावी, प्रत्येक तुकड्याची यादी स्वतंत्र ठेवावी. मात्र दोन्हींना 'पेडणे' ही एकच खूणचिठ्ठी, म्हणजे 'टॅग', लावावी. मग त्या नावाने रंग बदलला की दोन्ही तुकडे एकदमच बदलतात. आकृत्या दोन, तालुका एक!

शेजारच्या डिचोलीसाठी तिसरा बहुभुज काढावा. जेथे दोन तालुक्यांची सीमा एक आहे, तेथे दोन्ही याद्यांत तेच बिंदू लिहावेत. नाहीतर मध्ये पांढरी फट राहील किंवा नंतर काढलेला तालुका आधीच्यावर चढेल.

नकाशा हे एक विधानच असते. त्यातील एक चुकीची रेघ नदी बुजविते. तेव्हा बिंदू मांडण्यापूर्वी भूमी नीट पाहावी.

अभ्यास : चोडण व दिवाडी ही बेटे तिसवाडी तालुक्यात आहेत. त्या तालुक्याचा नकाशा काढण्यास किमान किती याद्या लागतील?