आपल्या तोंडची इंग्रजी

इंग्रजी भाषा ज्या ज्या देशी गेली, त्या त्या देशाचे पाणी तिला लागले. आपल्या भोकरच्या बाजारात मराठी, दखनी व तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा आपल्या मुलांच्या इंग्रजीस त्यांचे वळण लागावे यात नवल ते काय? अशा नित्याच्या काही शब्दांचा येथे विचार करू.

प्रथम 'टिफिन' घ्या. अवेळी थोडेसे खाण्यापिण्यास इंग्लंडातील बोलीत पूर्वी 'टिफिंग' म्हणत. त्यापासूनच हा शब्द हिंदुस्थानात रूढ झाला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. 'आउट ऑफ स्टेशन' यातील स्टेशन आगगाडीचे नव्हे. गोऱ्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे ठाणे, ते 'स्टेशन'. ठाणी गेली, शब्द राहिला.

दुसरे शब्द आपल्या घरातून निघाले. चुलत, मामे, आते व मावस या सर्व भावंडांस इंग्रजीत एकच 'कझिन'. तेवढ्याने आपले समाधान होईना, म्हणून आपण 'कझिन ब्रदर' केला. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह' म्हणतो. इंग्रज विद्यार्थी ती 'टेक' करतो. 'आय ॲम हिअर ओन्ली' यातील 'ओन्ली' तर आपल्या 'इथेच' मधील 'च' चे काम करतो. हाच 'च' दखनीने मराठीपासून घेऊन 'इच' केला आहे. 'पोस्टपोन'च्या उलट 'प्रीपोन' हा तर ऑक्सफर्डच्या कोशातही जाऊन बसला आहे.

मग हे शब्द अशुद्ध म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मात्र परदेशी वाचणाऱ्यास 'आउट ऑफ स्टेशन' कळणार नाही व परीक्षक 'गिव्ह'खाली रेघ ओढील. उलटपक्षी, कोणी हसेल या भयाने आपली कित्येक हुशार मुले इंग्रजीत तोंडच उघडीत नाहीत. ही हानी चुकीच्या शब्दाहून फार मोठी आहे. पालकांनी मुलांस यावरून हिणवू नये, ही आमची विनंती.

विद्यार्थ्यांनी वहीत दोन रकाने आखावे. एकात आपला रूढ शब्द, दुसऱ्यात पुस्तकी शब्द लिहावा. मित्रांशी पहिला खुशाल बोलावा. अर्जात व उत्तरपत्रिकेत दुसरा लिहावा.