मृग चुकत नाही, पाऊस चुकतो

सज्जनहो, मृगाची पेरणी उरकावी, पाभर मांडवात ठेवावी, पताका खांद्यावर घ्यावी आणि ज्येष्ठ वद्यात माउलींच्या सोहळ्यात सामील व्हावे, असा आपल्या वडीलधाऱ्या वारकऱ्यांचा नेम. शेत आणि वारी यांची ही घडी पावसाने बसवून दिलेली होती. जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा येथील शिवारात आज उभे राहिले, की ती घडी विस्कटलेली दिसते.

मृग आपल्या तारखेला, 7-8 जूनला, लागतोच. पाऊस मात्र तारीख पाळीत नाही. 2023 साली मोसमी पाऊस महाराष्ट्रभर पसरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. पुढे ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा गेला. उलट 2025 साली मे सरण्यापूर्वीच पाऊस दारात हजर! रान तयार नाही, उन्हाळी पीक काढलेले नाही. शेतकऱ्याने करावे काय?

कोणी म्हणतात, “देव कोपला, दुसरं काय!” आम्हांस हे पटत नाही. कोळसा व तेल जाळून निघणारा वायू पृथ्वीभोवती घोंगडीसारखा बसतो आणि ऊब बाहेर जाऊ देत नाही. 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते. म्हणून पाऊस अडून बसतो आणि पडला की एकदम कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग 1950 ते 2015 या काळात सुमारे तिप्पट झाले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले.

असे पाणी मुरत नाही. वरची सकस माती घेऊन जाते. काढणीच्या वेळी भिजलेला कांदा बराखीत सडतो, द्राक्षाचे मणी तडकतात. पाऊस घाटमाथ्यावर दांडगा, पण पूर्वेकडे येता येता ओसरतो. म्हणून आपली भिस्त माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांवर. त्या पाण्याकडे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळाही डोळे लावून बसतात. ते सारे आपलेच भाऊबंद ना?

तेव्हा आपल्या हाती काय आहे? मृग लागला म्हणून चाड्यावर मूठ धरू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोल ओल गेल्यावरच पेरावे. बांध नीट राखावेत. जमेल त्याने शेततळे करावे, उसाला ठिबकने पाणी द्यावे. सगळे रान उसाला न देता थोडी बाजरी, थोडा हुलगा ठेवावा. एक पीक गेले तरी दुसरे घर राखते.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा पंढरीत चंद्रभागा होते. म्हणजे आपल्या शिवारातले पाणीही वारीलाच निघालेले असते! सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. मळा राखणे हेच त्यांचे भजन झाले. आपणही एकादशीचा नेम जसा पोटाला लावतो, तसा एक नेम पाण्याला लावू या. गरजेपुरते घ्यावे, उरले ते पुढच्याला जाऊ द्यावे.

रामकृष्णहरि.