नावामागचा माणूस



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पुष्कळदा आडनाव आणि आद्याक्षर, एवढेच. मग हा माणूस कोण, हे शोधायचे कसे? युद्धसमाधी आयोगाची नोंद, १९११ ची जनगणना, पदकांची कार्डे आणि धर्मग्रामातील स्नानसंस्काराची वही एकमेकांशी ताडून पाहावी लागते. सैनिकांची सेवापत्रके बरीचशी सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. एकाच नावाचे दोघे सापडले तर घाई करू नये. वय, गाव, आईवडिलांची नावे जुळली पाहिजेत. चुकीचा माणूस जोडला, तर खऱ्याला आपण दुसऱ्यांदा हरवतो.

पण ज्यांचे नावच कोरले नाही, त्यांचे काय? इराकमधील बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावे नव्हती, केवळ आकडे होते. अशा विषम वागणुकीबद्दल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली.

आकड्याची जागा दुसरा आकडा घेतो. माणसाची जागा कोणी घेत नाही. म्हणूनच यशयाच्या ४३ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना नावाने हाक मारतो. यहूदा मक्काबीनेही लढाईत पडलेल्यांसाठी प्रार्थना करविली (२ मक्काबी १२).

या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या मृतांची पूर्ण नावे वहीत लिहून ठेवा. मिस्सेत आपण ती घेऊ.

- आपले धर्मगुरू