पत्ता बदलला, वाट दाखवा

पोस्टकार्डावरील मजकूर वाटेत कोणासही वाचता येतो; बंद लिफाफ्यातील येत नाही. शाळेच्या संकेतस्थळाचे पत्तेही असेच दोन प्रकारचे असतात. ‘एचटीटीपी’ने आरंभ होणाऱ्या पत्त्यावर विद्यार्थ्याची जन्मतारीख वा शिक्षकाचा पासवर्ड उघडाच प्रवास करतो, ‘एचटीटीपीएस’वर तो सांकेतिक रूपात जातो. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून २०१५ पासून विनामूल्य मिळते.

तथापि, प्रमाणपत्र बसविल्याने काम पुरे होत नाही. जुना पत्ता पालकांच्या वह्यांत तसाच राहतो. म्हणून सर्व्हरच्या मांडणीतच सूचना लिहावी लागते: ८० क्रमांकाच्या उघड्या पोर्टवर येणाऱ्यास ‘एचटीटीपीएस’च्या पत्त्यावर, म्हणजे ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे पाठवावे. असे पाठविताना ३०१ हे उत्तर दिल्यास ‘पत्ता कायमचा बदलला’ असा अर्थ होतो. ३०२ दिल्यास ‘तूर्त बदलला’ असा. ब्राउझर ३०१ स्मरणात ठेवतो. यास्तव आधी ३०२ ने पडताळणी करावी. ज्याने जे पान मागितले त्यास तेच पान मिळावे, केवळ मुखपृष्ठ नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. उघड्या पत्त्यावर पाठविलेला पासवर्ड सर्व्हरने वाट दाखविण्यापूर्वीच उघडा पडलेला असतो. २०१२ मध्ये प्रमाण ठरलेला ‘एचएसटीएस’ हा संकेत एकदा मिळाला की ब्राउझर ठरविलेल्या मुदतीपर्यंत थेट सुरक्षित पत्त्यावरच जातो; पहिल्या भेटीस मात्र त्याचे संरक्षण नसते. म्हणून शिक्षकांनी फळ्यावर व सूचनापत्रांत पत्ता प्रथमपासूनच ‘एस’सह पूर्ण लिहावा.