लाटेची उंची, डॉक्टरचं अंतर

सर्फिंग करणारी मराठी मुलंमुली आता बऱ्यापैकी दिसू लागली आहेत. बहुतेकांची सुरुवात गोव्यात आश्वे-मांद्रेला होते, नाहीतर कर्नाटकात मुल्कीला. काही हंगाम वाळूवरच्या लाटांवर गेले की इंडोनेशियाची ओढ लागते. आधी बाली, मग कुणीतरी मेंतावाई बेटांचे व्हिडिओ दाखवतं. निळंशार पाणी, माडांची रांग, आणि काचेसारखी गोल वळणारी लाट. तिथे निघालेलं कुणी सल्ला मागायला आलं, की मी आधी एकच विचारतो : डॉक्टर तिथून किती लांब आहे? लाट किती उंच असते हे त्यांनी शोधलेलंच असतं. डॉक्टरचं अंतर मात्र क्वचितच कुणी काढलेलं असतं.

मेंतावाई हा सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा द्वीपसमूह. सिबेरुत, सिपोरा, उत्तर पागाई आणि दक्षिण पागाई ही त्यातली चार मोठी बेटं. पाडांग शहरातून जलद फेरीबोट सिपोरावरच्या तुआपेजातला नेते, पण ती रोज नसते. तिथून सिपोराच्या दक्षिण टोकाला कातिएत गावी जायचं तर पुन्हा लहान बोट करावी लागते, तीही समुद्र ऐकत असेल तरच. या गावासमोर उजवीकडे धावणारी जगप्रसिद्ध लाट फुटते. १९९१ साली लान्स नाइट हा ऑस्ट्रेलियन सर्फर तिथे पोहोचला, म्हणून तिला लान्सेस राइट म्हणतात. लाट जिथे संपते तिथे प्रवाळाचा उथळ कट्टा आहे. सर्फर त्याला ‘सर्जन्स टेबल’ म्हणतात. माझी पाठ फाटली ती तिथेच.

त्या सकाळी काहीच विपरीत नव्हतं. वारा जमिनीकडून येत होता, लाटा डोक्याहून थोड्या उंच होत्या, पाण्यात मोजकीच माणसं होती. मी लाट पकडली, उभा राहिलो, वळणही नीट बसलं. पुढची भिंत मात्र एका दमात कोसळली. रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, अशी एखादी लाट बंद होतेच, कितीही चांगल्या दिवशी. खालून वर आलो तर मागची लाट डोक्यावर. तिनं मला उचलून आतल्या कट्ट्यावर टाकलं. तिथे कमरेएवढंही पाणी नव्हतं. तिसऱ्या लाटेनं खडकावरून फरफटत नेलं तेव्हा अंगातला रॅशगार्ड फाटला आणि डाव्या खांद्याखालपासून कमरेपर्यंत पाठ सोलली. त्या क्षणी फारसं दुखलं नाही. किनाऱ्याला लागल्यावर मित्राचा चेहरा पाहिला तेव्हा मला अंदाज आला.

हा मित्र रत्नागिरीचा, खाडीकाठी वाढलेला. “पालथा पड आणि तोंडात टॉवेल धर,” एवढंच तो म्हणाला. उकळून गार केलेलं पाणी, साबण, मऊ टूथब्रश आणि चिमटा घेऊन बराच वेळ तो पाठ घासत होता. आमच्या बोटवाल्या काकांनी घरून लिंबं आणली. तिथे प्रवाळाच्या जखमेवर लिंबू पिळायची पद्धतच आहे, आणि ती माणसं मायेनंच आणतात. आम्ही त्यांचे आभार मानले आणि लिंबू बाजूला ठेवलं. लिंबानं जखम पेटून उठते, आत रुतलेला कण मात्र तिथेच राहतो.

इतकं करूनही काही दिवसांत कमरेजवळच्या एका जखमेभोवती लाली पसरू लागली, रात्री ताप भरला. दुसऱ्या दिवशी समुद्र उसळला होता. काका बोट काढायला तयार नव्हते आणि त्यांचंच बरोबर होतं. समुद्र निवळला तेव्हा पाडांगच्या फेरीचा वार नव्हता. त्या काळात मला सावरलं ते पुण्याहून निघतानाच डॉक्टरांनी नाव, मात्रा आणि ‘कधी घ्यायचं’ हे लिहून दिलेल्या प्रतिजैविकांनी. शेवटी पाडांगला पोहोचलो तेव्हा तिथल्या शल्यचिकित्सकांनी ती जखम उघडली. इतक्या घासणीतूनही प्रवाळाचा एक बारीक तुकडा आत राहिला होता.

हीच आपटी आश्व्याच्या वाळूवर बसली असती तर खरचटण्यावर भागलं असतं. अगदी टाके पडले असते तरी संध्याकाळी म्हापशाच्या दवाखान्यातून घरी आलो असतो. कातिएतला ती जखम वाढली ती अंतरामुळे. तेव्हापासून मी एक हिशेब पाळतो : मदत जितकी लांब, तितकी लहान लाट निवडायची. गावाजवळ ज्या लाटेवर मी बिनधास्त जाईन, तीच लाट दूरच्या बेटावर असेल तर सोडून देतो, आणि सोडल्याचं वाईट वाटून घेत नाही.

आपल्या किनाऱ्यावर शिकलेल्या माणसाचा अंदाज तिथे दोन बाबतीत हटकून चुकतो.

पहिली बाब लाटेच्या ताकदीची. आपल्या पावसाळी लाटा साधारण आठ-दहा सेकंदांच्या अंतरानं येतात. मेंतावाईच्या लाटा जन्मतात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत, हजारो किलोमीटर दूर, आणि पोहोचेपर्यंत त्यांचं अंतर चौदा ते अठरा सेकंदांवर गेलेलं असतं. आठ सेकंदांच्या दोन लाटांमध्ये खोल समुद्रात सुमारे १०० मीटर अंतर असतं, सोळा सेकंदांच्या लाटांमध्ये सुमारे ४००. म्हणजे उंची तीच दिसली तरी मागून ढकलणारं पाणी कितीतरी जास्त. त्यात मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली आहे. एवढ्या उथळ तळावरून घासत येताना लाटेचा बराच जोर जिरतो. मेंतावाईत तळ एकदम खोल जातो, आणि लाट सगळा जोर घेऊन थेट प्रवाळाच्या कडेवर आदळते. म्हणून हवामानाच्या अंदाजात फुटांचा आकडा पाहण्याआधी सेकंदांचा आकडा पाहा. पाच फूट आणि सोळा सेकंद म्हणजे आपल्या ओळखीचे पाच फूट नव्हेत.

दुसरी बाब भरती-ओहोटीची. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, त्यामुळे मेंतावाईतला मीटर-सव्वामीटरचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. वाळूवर तो किरकोळ असेलही. सपाट प्रवाळावर मात्र अर्धा मीटर पाणी कमी झालं की पोहण्याजोगी जागा रांगण्याजोगी होते. कोकणातले मच्छीमार आठवड्याचा बेत उधाण आणि भांग पाहून आखतात. ती सवय इथेही सोडू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते. सुकतीची वेळ लिहून ठेवा, आणि पाणी उतरत असताना उतरायचं असेल तर बाहेर कधी यायचं ते आधीच ठरवा. चांगली लाट लागली की ‘अजून एक’ म्हणत प्रत्येकजण थांबतो, आणि तेवढ्यात खडक वर आलेला असतो.

पाण्यात शिरण्याआधी किमान अर्धा तास नुसतं पाहत बसा. लांब अंतराच्या लाटा गटागटानं येतात. दोन मोठ्या गटांमध्ये पंधरा-वीस मिनिटं समुद्र निवांत दिसू शकतो, आणि नवखा माणूस त्या निवांतपणात आत जातो. पाहताना तीन गोष्टी शोधा : सगळ्यात मोठी लाट कुठे फुटते, पडलेली माणसं वाहत कुठे जातात, आणि पाणी परत समुद्रात कुठून जातं. रीफवर चढलेलं पाणी जिथून बाहेर वाहतं ती खोल वाट असते. आत जायचं तिथूनच, आणि दमलात तर आसराही तिथेच. स्थानिक मुलं कुठे बसतात ते बघा, त्यांना नमस्कार करा, त्यांची लाट घेऊ नका. अडचणीत सगळ्यात आधी धावून येतात ती हीच मुलं.

पडण्याचा सराव वाळूवरच करून जा. रीफवर डोकं खाली करून सूर मारायचा नाही आणि पाय खाली सोडून उडी टाकायची नाही. पाठ किंवा पोट पसरून, जमेल तितकं वरच्या वर पडायचं. पडताक्षणी दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाकायची, आणि वर येताना एक हात पुढे ठेवायचा, कारण फळी वरून खाली येत असते. उथळात अडकलात तर उभं राहण्याची घाई नको. प्रवाळाच्या भेगेत पाऊल अडकलं आणि पुढची लाट आली तर घोटा मोडतो. फळीवर पालथे पडून, पाण्याबरोबर तरंगत किनारा गाठा. हेल्मेट घाला. घालणारी माणसं कमी दिसतील, तरी घाला. बेशुद्ध माणूस बोटीतून तासन्‌तास नेण्याची कल्पना करून पाहिली तर लाज वाटण्याचं कारण उरत नाही. पायांना रीफ बूट असलेले बरे, विशेषतः चालत आत-बाहेर करावं लागत असेल तर.

जखमेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचं नुकसान इथे होतं. प्रवाळाच्या जखमेत त्याचे सूक्ष्म कण, चिकट स्राव आणि समुद्री जिवाणू जातात. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घेतलेलं असावं. जखम झाली की त्याच तासात, लहान असली तरी, पिण्यायोग्य पाण्यानं आणि साबणानं घासून धुवा, कण चिमट्यानं काढा, मग जंतुनाशक लावून कोरड्या पट्टीनं झाका. रोज उघडून पुन्हा धुवा. जखम भरेपर्यंत पाण्यात जायचं नाही. हे सगळ्यात जड जातं, कारण समोर आयुष्यभर वाट पाहिलेल्या लाटा फुटत असतात. लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली, लाल पट्टा वर चढू लागला किंवा ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सुरू करा आणि त्याच दिवशी परतीची व्यवस्था पाहा. ‘उद्या बघू’ म्हणाल तर उद्या बोट नसेल. समुद्री साळिंदराचे काटे पायात घुसले तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्यानं वेदना उतरते. ते पाणी आधी दुसऱ्यानं हातानं तपासावं. मान किंवा पाठीच्या कण्याला मार असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्या माणसाला चालवू नका. मान न हलवता फळीवर आडवं ठेवूनच बाहेर काढा. डोक्याला मार लागून वारंवार उलटी होत असेल किंवा झापड येत असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

विम्याचा कागद शब्दन्‌शब्द वाचा. प्रवासी विम्याच्या साध्या पॉलिसीत सर्फिंग बऱ्याचदा साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं. सर्फिंग धरलेलं आहे का, आणि दुर्गम बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का, हे लेखी विचारून घ्या. बोटवाल्याकडे चालू स्थितीतला रेडिओ किंवा उपग्रह फोन आहे का, हेही पैसे देण्याआधी विचारा.

मलेरियाची प्रतिबंधक औषधं डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. सुमात्राजवळच्याच नियास बेटावरची लागुंद्रीची लाट १९७५ साली ज्यांनी सर्फिंगच्या जगाला दिली, त्यांपैकी जॉन गीझल हे तरुण सर्फर मलेरियानं खंगून, पुढे न्यूमोनियानं वर्षभरातच गेले.

आणि भूकंप. हा सगळा पट्टा भूकंपाचा आहे. २८ मार्च २००५ च्या भूकंपानं नियासचा प्रवाळ वर उचलला गेला आणि तिथली लाटच बदलली. म्हणून खोलीबद्दलच्या जुन्या माहितीवर विसंबू नका. २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री पागाई बेटांजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. हादरा अनेकांना सौम्य वाटला, पण तो बराच वेळ चालू होता. काही मिनिटांतच त्सुनामी आली आणि ४०० हून अधिक माणसं गेली. तेव्हा मुक्कामाच्या पहिल्याच संध्याकाळी उंचावर जाणारी वाट चालून पाहा, अंधारात चालता येईल इतकी. हादरा जोराचा असो वा हलका, लांबला की सामान न घेता चढायला लागा. भोंगा वाजायची वाट पाहू नका.

अलीकडे बरेच जण परदेशाऐवजी लिटल अंदमानला जाऊ लागले आहेत. तिथेही रीफवर सुंदर लाटा आहेत, भाषा आपली आहे, पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे तयारी ढिली पडते. पण तेही बेट जहाजाच्या वेळापत्रकावरच चालतं, तिथेही २००४ ची त्सुनामी येऊन गेली आहे, आणि खाड्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे उंच लाटांचे इशारे आणि हट बेहून सुटणाऱ्या जहाजांचे वार, दोन्ही एकाच कागदावर लिहून घ्या. कुठल्या खाडीपाशी पाण्यात उतरायचं नाही, ते तिथल्या मच्छीमारांना विचारा आणि त्यांनी ‘नको’ म्हटलेल्या जागी उतरू नका.